माजी सैनिक पेन्शनचे कागद घेऊन येतात तेव्हा

पहिली दहा मिनिटं कागद मागू नका. माजी सैनिक प्लास्टिकची फाईल घेऊन येतो, आपण सवयीनं "दाखवा" म्हणतो आणि टेबलावर डिस्चार्ज बुकापासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळं पसरतं. मग बोलणं कागद हाताला लागतील तसं भरकटत जातं. आधी दोनच प्रश्न विचारा: काय झालं, आणि तुम्हाला काय व्हायला हवंय? या दोहोंची उत्तरं पुष्कळदा वेगळी निघतात. अर्धा तास मेडिकल बोर्डाच्या अन्यायाबद्दल बोलणाऱ्या माणसाला आज हवं असतं ते एवढंच, की पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) बायकोचं नाव चढावं. कैफियत पूर्ण ऐका, पण काम कोणतं ते मोठ्यानं म्हणून पक्कं करा: "म्हणजे आज आपण नावाचं काम करायचं, बरोबर?"

ग्वाल्हेरला अशी मदत मागणारे बरेचजण भिंड, मुरैना, दतियाच्या गावांतून बसनं येतात. काही आपल्याच शहरातल्या लष्कर आणि मुरार भागांतल्या मराठी घरांतले. मदतीला बसणारे म्हणजे निवृत्त बँकवाले, सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांचं केंद्र) चालवणारी मुलं, एखाद्या वकिलाचा सहायक, नाहीतर शेजारचा पुतण्या. नियम शिकता येतात. बिनसतं ते बोलण्यात, म्हणून इथे भर बोलण्यावर आहे.

बसवणं आणि हाक मारणं

हुद्द्यानं हाक मारा. हवालदार साहेब, सुभेदार साहेब, मानद कॅप्टन असतील तर कॅप्टन साहेब. हुद्दा माहीत नसेल तर तोच पहिला प्रश्न करा. त्यानं मान राखला जातो आणि फॉर्मची एक ओळही भरली जाते. घरचे मराठी आजोबा असले तरी कामाच्या वेळी "सुभेदार साहेब" म्हटलेलं त्यांना खटकत नाही. उलट उत्तरं नेमकी येतात.

तोफखान्यात किंवा रणगाड्यांवर नोकरी केलेल्यांना कमी ऐकू येणं नेहमीचं. ओरडू नका, ओरडल्यानं शब्द फुटतो. समोर बसा, तोंड दिसू द्या, खालच्या पट्टीत सावकाश बोला. मे महिन्यात ग्वाल्हेरला कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, पण बोलणं चालू असेपर्यंत तो बंद ठेवा किंवा खुर्ची लांब घ्या. कूलरच्या घरघरीत "पंधरा" आणि "पन्नास" सारखेच ऐकू येतात. आकडा तोंडी सांगितला की लगेच लिहूनही दाखवा.

फौजेतल्या माणसाला पुढे काय, कोण करणार आणि कधी, या क्रमानं ऐकायची सवय असते. शिवाय समोरच्याला उलट विचारायची नसते. त्यामुळे न समजताही तो "जी, ठीक है" म्हणतो. "समजलं का?" हा प्रश्न म्हणूनच कुचकामी आहे. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल?" त्यांनी जे सांगितलं त्यात चूक असेल तर ती आपल्या सांगण्यातली समजा आणि दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगा. तेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणणं म्हणजे समजावणं नव्हे.

"पेन्शन कमी झाली" म्हणजे नेमकं काय

हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं आणि त्याचे किमान चार-पाच अर्थ असतात. तक्रार लिहायला घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: बंद झाली की कमी झाली? कोणत्या महिन्यापासून? एकदम की दर महिन्याला वेगवेगळी? मग पासबुकातले दोन महिने आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवरची त्याच दोन महिन्यांची पेन्शन स्लिप शेजारी ठेवा.

पूर्ण बंद झाली असेल तर आधी हयातीचा दाखला पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्येच कमी आली असेल तर आयकराची कपात पाहा. मूळ पेन्शन आणि हातात येणारी रक्कम यांत पहिल्यापासूनच फरक असेल तर कम्युटेशन असतं: निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले असतात, ती कपात १५ वर्षांनी थांबते. बरेचजण हे विसरलेले असतात, कारण त्या पैशांत तेव्हा घर किंवा मुलीचं लग्न झालेलं असतं. "तुम्ही पैसे घेतले होते" असं म्हणू नका, त्यात आरोपाचा वास येतो. "निवृत्तीच्या वेळी एकरकमी रक्कम मिळाली होती ना, तिचा हा हिशेब" असं म्हणा.

विधवेची पेन्शन एक दिवस अचानक दोन पंचमांशानं उतरली असेल तर बहुधा वाढीव दराची मुदत संपलेली असते. निवृत्तीनंतर पतीचं निधन झालं असेल तर फॅमिली पेन्शन आधी शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते. ती ७ वर्षं, किंवा पती हयात असते तर त्यांना ६७ पूर्ण झाली असती ती तारीख, यांत जे आधी येईल तोवर. पुढे ३० टक्के. ही चूक नाही, आणि ते पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. "बघू, अर्ज करून पाहू" म्हणत आशा लावणं हे दयाळूपण नाही. बाई वर्षभर त्या अर्जामागे फिरत राहतात.

"माझ्या बॅचच्या अमक्याला जास्त मिळते, मला का नाही?" यावर तोंडी वाद घालू नका. दोघांचे पीपीओ मागवा आणि हुद्दा, ग्रुप (ट्रेडनुसार ठरणारा), सेवेची वर्षं, डिस्चार्जचा प्रकार, डिसेबिलिटी आहे की नाही, हे ओळीनं ताडून पाहा. वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू आहे, पुढच्या फेरआखण्या १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या. पण ती समान हुद्दा आणि समान सेवाकाळ असलेल्यांना समान करते. एक वर्ष जास्त नोकरी केलेला जोडीदार थोडा पुढे राहणारच. दोन्ही कागद डोळ्यांसमोर आले की राग बहुधा निवतो. नाही निवला तर खरोखर चूक असू शकते आणि ती शोधायला ताळ्याचा हा कागदच कामी येतो.

आता कागद

चार कागद लागतातच: डिस्चार्ज बुक, पीपीओ (मूळ आणि नंतर निघालेली प्रत्येक दुरुस्ती), पासबुक, आधार. कोऱ्या कागदावर चार रकाने आखा. आडव्या ओळींत लिहा: स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव, पत्नीची जन्मतारीख, लग्नाची तारीख. प्रत्येक कागदावर जसं लिहिलंय तसंच, अक्षर न बदलता उतरवा. डिस्चार्ज बुकात "रामवती", आधारवर "रामवती देवी", पासबुकात "रामबती". ज्याच्या कागदात फरक आहे त्याला तो स्वतः दिसला पाहिजे. "नाव मॅच होत नाही" एवढंच म्हटलं तर त्याला वाटतं आपण टोलवतोय.

पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना खास पाहा. जुन्या पीपीओत तो पुष्कळदा रिकामा असतो. वयाच्या ८० व्या वर्षी मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला पूर्ण १०० टक्के. विधवेची जन्मतारीखच नोंदीत नसेल तर ती वाढ चालू होत नाही आणि कुणी कळवतही नाही. ८३ वर्षांच्या आजींना आपला हक्क आहे हेच ठाऊक नसतं. हे आपणहून विचारायचं, त्या विचारतील याची वाट पाहायची नाही.

फरक सापडला की लगेच आधार बदलायला धावू नका. कोणता कागद खरा हे आधी ठरवा. फौजेच्या नोंदीतल्या चुकीसाठी आधार बदललं तर बँक, पॅन, रेशन सगळीकडे नवी गाठ बसते. चूक सेवानोंदीत असेल तर शपथपत्रासह अर्ज रेकॉर्ड ऑफिसला (पलटणीच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) जातो. नोकरीत असताना लग्न आणि मुलांची नोंद पार्ट टू ऑर्डरनं (सेवानोंदीत बदल चढवणाऱ्या आदेशानं) होत असे. ती झाली होती का, एवढं विचारलं तरी जुना फौजी क्षणात सगळं सांगतो, कारण हा शब्द त्याच्या रोजच्या वापरातला.

मूळ कागद ठेवून घेऊ नका. फोटो काढा आणि ज्या क्रमानं दिले त्याच क्रमानं परत करा. त्या फाईलचा क्रम त्याला पाठ असतो.

कोण काय करतं, हे एका रेषेत

लोक बँकेत हेलपाटे घालतात, कारण पूर्वी पेन्शन तिथून ठरत असे. आता स्पर्शवर आलेल्यांची बँक फक्त खातं सांभाळते. काही शाखा सेवा केंद्र म्हणून मदत करतात, तेवढंच. कागदावर बाणांनी काढून द्या: तुम्ही → रेकॉर्ड ऑफिस → पीसीडीए पेन्शन (पेन्शन मंजूर करणारं संरक्षण लेखा कार्यालय), प्रयागराज → तुमचं खातं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या रेषेच्या बाजूला काढा. ते अर्ज पुढे पाठवतं, शिक्का देतं, कल्याण योजना बघतं; पेन्शन मंजूर करत नाही. हे कळलं नाही की सगळा राग तिथल्या बाबूवर निघतो.

रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे. राजपूत रेजिमेंटचं फतेहगढला, ग्रेनेडियर्स आणि सिग्नल्सचं जबलपूरला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठा लाईट इन्फन्ट्रीचं बेळगावला. हवाईदलाचं काम सुब्रतो पार्क, दिल्लीतून चालतं, नौदलाच्या खलाशांचं मुंबईतून. एक प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारा: "नंतर डीएससीत होता का?" डिफेन्स सिक्युरिटी कोअरची दुसरी नोकरी केली असेल तर तिचं रेकॉर्ड कन्नूरला असतं आणि दुसरा पीपीओही असू शकतो. हा प्रश्न राहून गेला की चुकीच्या नंबरावर अर्ज जातो आणि महिन्यांनी "आमच्याकडे नोंद नाही" असं उत्तर येतं.

हयातीचा दाखला: इथेच सर्वांत जास्त घोळ

नोव्हेंबरात रांग लागते. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, त्यांना आधीच बोलावून घ्या. हा दाखला ऑनलाइन देण्याच्या जीवन प्रमाण ॲपवर दोन खिडक्या भरताना चूक होते. मंजुरी देणारं कार्यालय म्हणून भूदलाच्या माणसासाठी संरक्षण खात्याचं पीसीडीए पेन्शन निवडायचं, आणि पेन्शन देणारं कार्यालय म्हणून स्पर्श. पोर्टलवर प्रयागराजऐवजी अलाहाबाद दिसलं तर गोंधळू नका. पैसे बँकेत येतात म्हणून मुलं दुसऱ्या खिडकीत बँकेचं नाव निवडतात. प्रमाण क्रमांक तयार होतो, मेसेज येतो, सगळे खूश. दाखला मात्र चुकीच्या दारात पडलेला असतो आणि पुढे पेन्शन थांबते. प्रमाण क्रमांक मिळणं म्हणजे दाखला स्वीकारला जाणं नव्हे. काही दिवसांनी स्पर्शच्या खात्यात ओळख-पडताळणीची तारीख पुढे सरकली का ते पाहायचं, आणि हे आजच सांगून ठेवायचं.

आयुष्यभर कष्ट केलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. पाच वेळा बोट दाबायला लावून म्हाताऱ्या माणसाला ओशाळवाणं करू नका. दुसऱ्यांदा जमलं नाही की चेहऱ्याच्या पडताळणीकडे वळा. खिडकीकडे तोंड करून बसवा, उजेड पाठीमागून नको. पापणी लवायला सांगण्याआधी ती का लवायची ते सांगा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन हे करतो, हे अनेक घरांत माहीत नसतं.

विधवांच्या बाबतीत एक नाजूक जागा आहे. फॉर्ममध्ये "पुनर्विवाह केला आहे का?" असा प्रश्न येतो. पंच्याहत्तरीच्या बाईंना तो चारचौघांत मोठ्यानं विचारणं वाईट, आणि न विचारता आपलंच घाईत "होय"वर बोट पडणं त्याहून वाईट, कारण मग पेन्शनच अडते. फॉर्म उघडण्याआधी म्हणा, "काकू, यात काही प्रश्न सगळ्यांनाच असतात, वयाचा विचार न करता. मी वाचते, तुम्ही फक्त होय-नाही सांगा." मग हळू आवाजात वाचा आणि उत्तर भरलेलं त्यांना दाखवा.

ओटीपी येण्याआधी सांगा की तो येणार आहे आणि कशासाठी. आल्यावर तो त्यांनी स्वतः टाइप करावा, वेळ लागला तरी. मुदत संपली तर नवा मागवता येतो. "हयातीचा दाखला अपडेट करतो" म्हणून फोन करणारे ठग नोव्हेंबरात फिरतातच. मदत करणारा माणूसच भराभर ओटीपी विचारून घेत असेल, तर तीच सवय उद्या ठगाच्या कामी येते. पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवू नका आणि पीपीओचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

डिसेबिलिटीचं बोलणं

इथे सर्वांत जास्त धीर लागतो, कारण माणूस पैशांपेक्षा "माझा आजार नोकरीमुळे नाही असं लिहिलं" या वाक्यानं दुखावलेला असतो. ते वाक्य नाकारू नका, मिरवूही नका. आधी डिस्चार्जची तारीख विचारा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. त्यानंतर बाहेर पडलेल्यांना जुन्यांची उदाहरणं लावू नका. पुढचं सगळं त्याआधीच्यांसाठी.

मेडिकल बोर्ड दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतं: अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळे झालं किंवा नोकरीनं वाढलं का. डिसेबिलिटी एलिमेंटसाठी (पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या भागासाठी) साधारणतः किमान २० टक्के आणि दुसऱ्या प्रश्नाला "होय" लागतं. नकाराच्या पत्रात यांतलं कोणतं कारण आहे ते बोट ठेवून वाचून दाखवा. अनेकांना वर्षानुवर्षं वाटत असतं की टक्केवारी कमी पडली, आणि पत्रात अडलेलं असतं दुसरंच.

मग माहिती काढा, तीही या क्रमानं: भरतीच्या वेळी शेप-वन (पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत) होता का? त्रास पहिल्यांदा कधी कळला? तेव्हा पोस्टिंग कुठे होतं, उंचावर की फील्डमध्ये? कोणत्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखल होता? लो मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीची खालची श्रेणी) कधी लागली? "कसं झालं ते सांगा" असा मोकळा प्रश्न टाळा. काहींना तो थेट त्या रात्रीत घेऊन जातो आणि कूपनवाली रांग मागे उभी असते. तारखा आणि ठिकाणं विचारली की माणूस सावरलेला राहतो. सांगायचंच असेल तर तो आपणहून सांगेल, तेव्हा पेन खाली ठेवून ऐका. आजाराचं नाव मोठ्यानं वाचू नका, विशेषतः मनाचा आजार असेल तर.

भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत आला तर संशयाचा फायदा सैनिकाला, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात मांडलं. टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळावा, हा निर्णय १० डिसेंबर २०१४ चा, राम अवतार प्रकरणातला. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५, ७६ ते १०० चे १००. हिशेब असा करून दाखवा: १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पगार ४०,००० असेल तर १२,०००. ५० टक्क्यांना ६,०००. एवढंच उदाहरण द्या, त्यांच्या नावाचा आकडा आणि थकबाकी किती ते सांगू नका. तुम्ही सहज म्हटलेला आकडा गावात दुसऱ्या दिवशी "मंजूर" झालेला असतो.

वाट अशी: नकाराच्या पत्रापासून ६ महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, मध्य प्रदेशासाठी ते जबलपूरला. उशीर झाला असेल तर का झाला ते खरंखरं लिहून माफी मागावी लागते. बोर्डाचे कागद हातात नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह अर्ज करून आधी ते मिळवा. बोर्डाचा कागद न वाचता लिहिलेलं अपील म्हणजे अंधारात गोळीबार, आणि हे वाक्य फौजीला लगेच पटतं.

"हो जाएगा" हे आपल्याकडचं आवडतं उत्तर कामाच्या बोलण्यातून काढून टाका. त्याऐवजी म्हणा: "अर्ज आज जाईल. मिळेल की नाही ते अपील समिती ठरवेल. उत्तर आलं की पत्र घेऊन या, नकार असला तरी या." शेवटचं वाक्य विसरू नका. नकाराचं पत्र लोक रागानं फाडतात आणि पुढच्या अपिलाला लागतं ते नेमकं तेच.

वीरनारी आणि विधवा

मुलगा बोलतो, आई गप्प. अर्ज आईच्या नावाचा असतो. खुर्ची अशी मांडा की त्या तुमच्या समोर येतील, मुलगा बाजूला. "दादा, तुमचंही ऐकतो, पण उत्तर काकूंनी द्यायचं, सही त्यांची आहे." खात्यात किती येतात हे काही आयांना माहीत नसतं. ते जाणून घ्यायचा हक्क त्यांचा, म्हणून त्यांनाच दाखवा.

निधन नुकतंच झालेलं असेल तर तेराव्याच्या आत सगळे कागद मागू नका. दोनच गोष्टी सांगा, घरातल्या एका समंजस माणसाला: नगर निगमकडून मृत्यूचा दाखला काढा (दोन-चार प्रती जास्त), आणि मृत्यूची माहिती स्पर्शवर द्या; त्यानंतर खात्यात आलेली पेन्शन काढू नका. हे दुसरं न सांगितल्यानं नंतर वसुली निघते आणि घरात भांडणं लागतात. पीपीओत पत्नीचं नाव आधीच असेल तर काम सरळ, नसेल तर वरचा रकान्यांचा कागद काढायचा. दोन पत्नींचा दावा असेल तर तुम्ही न्यायाधीश होऊ नका. वकिलाकडे पाठवा आणि बाजूला व्हा.

लिहिणं आणि नाही म्हणणं

एका अर्जात एक तक्रार, एक मागणी, एक पान. वर सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, पलटण, पीपीओ नंबर, मोबाईल. दहा वर्षांचा इतिहास लिहायचा आग्रह होतो. तो जोडपत्रात घ्या. पहिलं पान वाचणारा कारकून मागणी शोधत असतो. स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या प्रतीवर चिकटवा. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकलं तर नोंदणी क्रमांक मिळतो, आणि काम न होता तक्रार बंद केली तर ३० दिवसांत तिथेच अपील करता येतं. "तक्रार बंद झाली" हा मेसेज लोक "काम झालं" असा वाचतात, तेवढं आधी समजावा.

नकारही नीट द्यायला हवा. सैनिक बोर्डाचं निर्धन अनुदान ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या, हवालदारपर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना ८,००० रुपये, आधी ४,००० होते. पेन्शन घेणाऱ्यानं शेजाऱ्याचं ऐकून मागितलं तर "हे तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्हाला पेन्शन आहे" एवढं एका वाक्यात सांगा आणि लगेच विचारा, मुलं शिकतायत का, मुलीचं लग्न व्हायचंय का, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड केलंय का. त्या योजना वेगळ्या आहेत. नाही म्हटल्यावर दुसरं दार दिसलं की माणूस ऐकतो. कमिशन मागणाऱ्या दलालाचं नाव निघालं तर उपदेश करू नका. फॉर्म फुकट आहे, ही तारीख आणि हा क्रमांक, एवढं दाखवलं की पुरे.

प्रत्येकाला जाताना चिठ्ठी द्या, मार्करच्या जाड अक्षरांत: काय पाठवलं, कुठे, कोणत्या तारखेला, क्रमांक काय, पुन्हा कधी विचारायचं. "महिनाभरानं या" लिहू नका, तारीख लिहा. त्या तारखेला उत्तर आलेलं नसेल तरी फोन तुम्ही करा आणि "अजून नाही आलं" असं सांगा. काहीच न कळवणं आणि काम न होणं यांतलं अंतर भिंडहून बस करून आलेल्याला दिसत नाही.

पैसे जमा झाल्यावर चिठ्ठी फाडायची घाई नको. स्पर्शची स्लिप उघडून थकबाकी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते मोजा, पुढच्या महिन्याची मूळ रक्कम बदललेली आहे का ते पाहा, आणि नव्या दुरुस्ती पीपीओची प्रत छापून त्यांच्या फाईलमध्ये जुन्या पीपीओच्या लगेच मागे लावून द्या.